उच्चस्थलीय विकार
उच्चस्थलीय विकार : समुद्रसपाटीपासून सु. २,५०० मी. पेक्षा अधिक उंचीच्या प्रदेशात गेल्यावर वातावरणाचा दाब कमी झाल्यामुळे शरीराला पुरेसा ऑक्सिजन मिळेनासा होतो. या ऑक्सिजनन्यूनतेमुळे शरीरक्रियांत होणारे बदल आणि ते बदल अपुरे पडल्यास किंवा प्रमाणाबाहेर गेल्यास उद्‌भवणारे रोग यांचा अंतर्भाव उच्चस्थलीय विकारांत करतात. २,५०० मी. ही मर्यादा व्यवहारापुरतीच आहे. काही व्यक्तींना २,००० मी. वरही डोकेदुखी होते, तर काहींना ३,५०० मी. वर विशेष काही जाणवत नाही. महाराष्ट्रातील महाबळेश्वर (सु. १,३७० मी.) किंवा राज्यातील सर्वोच्च शिखर कळसूबाई (१,६४६ मी.) ही ठिकाणे या मर्यादेच्या पुष्कळ खाली आहेत. त्यामुळे सह्याद्रीतील चढाईच्या अनुभवावरून हिमालयात शरीर कसे वागेल याचा अंदाज बांधता येत नाही.

विकार होणे वा न होणे हे मुख्यतः दोन गोष्टींवर अवलंबून असते : गाठलेली उंची आणि ती गाठण्यास लागलेला वेळ. यांपैकी दुसरी गोष्ट अधिक निर्णायक आहे. समुद्रसपाटीवरील माणसाला एकाएकी एव्हरेस्टच्या (८,८४९ मी.) शिखरावर नेऊन ठेवले, तर तो काही मिनिटांतच बेशुद्ध होईल. उलट काही आठवडे क्रमाक्रमाने चढत गेलेल्या राइनहोल्ट मेसनर व पेटर हाबेलर यांनी ८ मे १९७८ रोजी तेच शिखर ऑक्सिजनाच्या नळकांड्याशिवाय गाठले. दोन्ही प्रसंगी हवा एकच. फरक मधल्या काळात शरीरात झालेल्या बदलांचा असतो.

वातावरणाचा दाब व ऑक्सिजन : उंचीवरील हवेत ऑक्सिजनाचे प्रमाण कमी असते, हा सर्वसाधारण समज बरोबर नाही. समुद्रसपाटीवर काय किंवा हिमशिखरावर काय, हवेत ऑक्सिजन सु. २०·९३ टक्केच असतो. कमी होतो तो हवेचा एकूण दाब आणि त्याबरोबर ऑक्सिजनाचा आंशिक दाब (मिश्रणातील एका वायूच्या वाट्याला येणारा दाब). फुप्फुसातील वायुकोशांतून रक्तात ऑक्सिजन शिरतो तो या आंशिक दाबाच्या जोरावर. समुद्रसपाटीवर हवेचा दाब ७६० मिमी. (पाऱ्याचा स्तंभ) असतो, लेह येथे (सु. ३,५०० मी.) तो त्याच्या सु. दोन-तृतीयांश आणि ५,५०० मी. उंचीवर सु. निम्मा भरतो.

श्वासाबरोबर आत गेलेली हवा श्वसनमार्गात बाष्पाने संपृक्त होते. या बाष्पाचा दाब शरीराच्या तापमानाला ४७ मिमी. असतो व तो कोणत्याही उंचीवर बदलत नाही. म्हणून उंची वाढेल तसा बाष्पाचा वाटा अधिकाधिक जाचक ठरतो. समुद्रसपाटीवर श्वासनलिकेतील ऑक्सिजनाचा आंशिक दाब सु. १४९ मिमी. असतो, तर एव्हरेस्टच्या शिखरावर तो अवघा ४३ मिमी. असतो. शिखरावरील हवेचा दाब १९८१ मध्ये एका अमेरिकी वैद्यकीय संशोधन मोहिमेत प्रत्यक्ष मोजण्यात आला. तो २५३ मिमी. भरला. प्रमाण वातावरणाच्या कोष्टकांवरून काढलेल्या आकड्यापेक्षा तो थोडा जास्त होता. विषुववृत्ताच्या जवळच्या अक्षांशांत वातावरणाचा थर अधिक जाड असल्याने असे घडते. एव्हरेस्ट ध्रुवाच्या जवळ असते, तर ऑक्सिजनाच्या साधनाशिवाय त्यावर चढणे बहुधा कोणालाच शक्य झाले नसते.

उंचीबरोबर तापमानही दर १,००० मी. ला सु. ६·५° से. ने घटते, हवा कोरडी होते आणि जंबुपार किरणांची तीव्रता वाढते. हिमदाह, हिमांधत्व व त्वचेची होरपळ हे त्यांचे परिणाम होत. ते ऑक्सिजनन्यूनतेहून वेगळे असले, तरी एकाच वेळी वाट्याला येतात.

इतिहास : उंच खिंडींतून जाणाऱ्या व्यापाऱ्यांना व सैन्यांना हा त्रास फार पूर्वीपासून माहीत होता. हिमालयात तो विषारी वनस्पतींच्या गंधामुळे होतो असे मानीत व त्याला ‘बिस की हवा’ म्हणत. सोळाव्या शतकात मिर्झा मुहंमद हैदर दुघलात याने तारीख-इ-रशीदी या ग्रंथात तिबेट-लडाखच्या स्वारीत आढळलेल्या ‘दमगिरी’चे वर्णन केले आहे. धाप लागणे, झोप न येणे, बोलणे असंबद्ध होणे आणि शेवटी मृत्यू अशी लक्षणे त्याने दिली असून हा रोग परक्यांनाच होतो, तेथील रहिवाशांना होत नाही, हे त्याचे निरीक्षण मार्मिक आहे. काशगरचा सुलतान सईद खान १५३३ मध्ये लडाखहून परत जाताना याच रोगाने मरण पावला. स्पॅनिश धर्मोपदेशक होसे दे आकोस्ता याने १५९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात पेरूमधील घाट ओलांडताना स्वतःला झालेल्या त्रासाचे वर्णन असून तेथील हवा माणसाच्या श्वसनास मानवणार नाही इतकी सूक्ष्म असावी, असा तर्क केला आहे.

या तर्काला प्रायोगिक आधार फ्रेंच शरीरक्रियावैज्ञानिक पॉल बेअर (१८३३—८६) यांनी दिला. हवेचा दाब कमी करता येणाऱ्या कोठडीत प्राण्यांवर व स्वतःवर प्रयोग करून, त्रासाचे कारण दाबाची घट नसून ऑक्सिजनाच्या आंशिक दाबाची घट आहे, हे त्यांनी १८७८ च्या ग्रंथात सिद्ध केले. त्याआधीच १५ एप्रिल १८७५ रोजी ‘झेनिथ’ या बलूनाची दुर्घटना घडली होती. त्यातून तिघे वैमानिक ८,००० मी. हून अधिक उंचीवर गेले. जवळ ऑक्सिजनाच्या पिशव्या होत्या. परंतु त्यांची गरज भासेपर्यंत हात उचलण्याची शक्तीच उरली नव्हती. दोघे मरण पावले. वाचलेल्या गास्ताँ तिसांदिए यांनी नंतर लिहिले, की त्या वेळी वेदना किंवा भीती नव्हतीच, उलट एक प्रकारचा आनंद वाटत होता. ऑक्सिजनन्यूनता पहिला आघात करते तो निर्णयशक्तीवर, ही गोष्ट आजही गिर्यारोहक व वैमानिक यांना मुद्दाम शिकवावी लागते.

फ्रांस्वा व्हिओ यांना १८९० मध्ये पेरूतील मोरोकोचा येथे रक्तातील तांबड्या कोशिकांची संख्या वाढल्याचे आढळले. १९१३ मध्ये टी. एच्. रॅव्हनहिल यांनी चिलीतील खाणींवर पाहिलेल्या रुग्णांवरून विकाराचे साधा, हृदयाशी संबंधित व मेंदूशी संबंधित असे तीन प्रकार पाडले. आज तीव्र पर्वतविकार, फुप्फुसशोफ व मस्तिष्कशोफ या नावांनी ओळखले जाणारे प्रकार हेच होत. परंतु हा लेख कित्येक दशके दुर्लक्षित राहिला.

अनुकूलन : उंचीवर पोहोचल्यावर काही मिनिटांतच मानेतील ग्रैव रोहिणीजवळच्या सूक्ष्म पिंडांना रक्तातील ऑक्सिजनाची घट जाणवते व ते श्वसन केंद्राला उद्दीपित करतात. श्वास जलद व खोल होतो आणि वायुकोशांतील ऑक्सिजन थोडा वाढतो. मात्र त्याबरोबर कार्बन डाय-ऑक्साइड अधिक बाहेर टाकला जाऊन रक्त क्षारधर्मी बनते आणि ही क्षारधर्मिता श्वसन केंद्राला लगाम घालते. या ओढाताणीतून मार्ग काढण्याचे काम वृक्कांचे (मूत्रपिंडांचे). ते बायकार्बोनेट मूत्रावाटे टाकू लागतात. लगाम सैल होतो व श्वसन आणखी वाढते. या क्रियेला काही दिवस लागतात. पहिल्या रात्री झोपेत श्वास काही क्षण थांबून पुन्हा जोराने सुरू होतो व माणूस दचकून जागा होतो, त्याचे कारण हीच ओढाताण होय.

हृदयाचे ठोके वाढतात. पहिल्या दोन-तीन दिवसांत मूत्रावाटे पाणी गेल्याने रक्त दाट होऊन हीमोग्लोबिनाचे प्रमाण वाढल्यासारखे दिसते. खरी वाढ नंतर होते. वृक्कांतून स्रवणाऱ्या एरिथ्रोपोएटीन या हॉर्मोनामुळे अस्थिमज्जेत तांबड्या कोशिकांची निर्मिती वाढते व ती पूर्ण होण्यास कित्येक आठवडे लागतात. ऑक्सिजन कमी झाल्याचे प्रत्येक कोशिकेला कसे कळते, या प्रश्नाचा उलगडा करणारे विल्यम केलिन, पीटर रॅटक्लिफ व ग्रेग सेमेंझा यांना २०१९ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

अनुकूलनालाही मर्यादा आहे. सु. ५,५०० मी. च्या वर माणूस कायमचा राहू शकत नाही. भूक मंदावते, वजन घटते, जखमा लवकर भरत नाहीत. व्यायामाने कमावलेले शरीर अनुकूलन लवकर करते असे मुळीच नाही. किंबहुना धडधाकट तरुण वेगाने चढतात व त्रासाकडे दुर्लक्ष करतात, म्हणून तेच अनेकदा बळी पडतात.

तीव्र पर्वतविकार : हा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार. उंचीवर पोहोचल्यानंतर साधारणपणे ६ ते १२ तासांनी डोके दुखू लागते. त्याबरोबर मळमळ, अन्नावरील वासना जाणे, थकवा, घेरी व निद्रानाश यांपैकी काही लक्षणे असतात. ती येण्यास काही तासांचा अवधी लागत असल्यामुळे विमानातून उतरणाऱ्या प्रवाशाला प्रारंभी सर्व ठीक वाटते व तो लगेच फिरावयास निघतो. फसगत होते ती येथेच. आणखी वर न चढता विश्रांती घेतल्यास त्रास बहुधा दोन-तीन दिवसांत ओसरतो.

उच्चस्थलीय मस्तिष्कशोफ (मेंदूच्या ऊतकांत द्रव साचून येणारी सूज) : ही वरील विकाराची पुढची पायरी समजतात. तोल जाणे हे त्याचे पहिले विश्वसनीय लक्षण होय. सरळ रेषेवर पावलापुढे पाऊल लावून चालण्यास सांगितल्यास रुग्ण झोकांड्या खातो. वागणे विचित्र होते, भ्रम होतो आणि उपचार न झाल्यास रुग्ण बेशुद्ध होऊन एक-दोन दिवसांत दगावतो. सोबत्यांना तो दमलेला किंवा हट्टी वाटतो व त्याला झोपू दिले जाते. अशा रुग्णाला एकटे सोडणे घातक ठरते.

उच्चस्थलीय फुप्फुसशोफ : उंचीमुळे होणाऱ्या मृत्यूंपैकी बहुसंख्य या विकाराने होतात. ऑक्सिजन कमी पडला की शरीरातील इतर वाहिन्या रुंदावतात. फुप्फुसातील रोहिण्या मात्र आकुंचन पावतात. सपाटीवर हा गुण उपकारक असतो, कारण फुप्फुसाचा एखादा भाग निकामी झाल्यास रक्त तेथून वळवून चांगल्या भागाकडे नेले जाते. उंचीवर मात्र संपूर्ण फुप्फुसातच ऑक्सिजन कमी असतो. सर्व रोहिण्या कमीअधिक आवळल्या जातात, फुप्फुसातील रक्तदाब वाढतो आणि ज्या भागांतील वाहिन्या कमी आवळलेल्या असतात त्यांतील सूक्ष्म केशवाहिन्यांवर सारा भार पडून त्यांतून द्रव वायुकोशांत झिरपतो. हृदय स्वतः निरोगी असते. ही गोष्ट १९६० च्या सुमारास स्पष्ट होईपर्यंत अशा रुग्णांना न्यूमोनिया झाला आहे असे समजून उपचार केले जात.

विकार बहुधा दुसऱ्या ते चौथ्या दिवशी, पुष्कळदा रात्री उद्‌भवतो. प्रथम श्रमाची ताकद एकाएकी कमी होते व कोरडा खोकला येतो. नंतर बसल्या जागीही धाप लागते, ओठ व नखे निळसर पडतात, छातीत घुरघुर ऐकू येते व गुलाबी फेसाळ कफ पडतो. थंडी व अतिश्रम यांनी धोका वाढतो. एकदा हा विकार झालेल्या व्यक्तीस तो पुन्हा होण्याची शक्यता बरीच असते. उंचीवर राहणारी माणसे काही दिवस सपाटीवर राहून परतल्यावरही तो होतो, म्हणून रजेवरून आलेल्या सैनिकाला नव्या माणसाप्रमाणेच वागवावे लागते.

भारतीय अनुभव : पूर्वी श्रीनगरहून झोजी खिंडीमार्गे लेहला जाणाऱ्या तांड्याला सु. दोन आठवडे लागत व या संथ प्रवासातच बरेचसे अनुकूलन होऊन जाई. मे १९४८ मध्ये मेहर सिंग यांनी लेह येथील तात्पुरत्या धावपट्टीवर डकोटा विमान उतरविले आणि हा दोन आठवड्यांचा प्रवास काही तासांवर आला. १९६२ च्या चीनबरोबरील युद्धात व त्यानंतर सपाटीवरील हजारो सैनिक अल्पावधीत हिमालयाच्या सरहद्दीवर पाठवावे लागले, तेव्हा या वेगाची किंमत दिसून आली. सैन्यातील डॉक्टर इंदर सिंग व त्यांचे सहकारी यांनी १९६५ मध्ये फुप्फुसशोफाच्या ३३२ रुग्णांचा आणि १९६९ मध्ये तीव्र पर्वतविकाराच्या १,९२५ सैनिकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. इतक्या मोठ्या संख्येने रुग्ण पाहण्याची संधी जगात इतरत्र कोणालाच मिळाली नव्हती. या विषयावरील पायाभूत लेखनात या दोन्ही लेखांची गणना होते.

या अनुभवातून भारतीय सेनेने अनुकूलनाचे टप्पे ठरविले. २,७०० ते ३,६०० मी. दरम्यान सहा दिवस, तेथून ४,५०० मी. पर्यंत चार दिवस आणि त्यापुढे आणखी चार दिवस सैनिकाला थांबावे लागते. पहिले दोन दिवस संपूर्ण विश्रांतीचे असतात. एप्रिल १९८४ पासून सियाचीन हिमनदीवर सैन्य तैनात आहे. तेथील काही ठाणी ६,००० मी. हूनही उंच असून शत्रूच्या गोळीपेक्षा उंची, थंडी व हिमलोट यांनीच तेथे अधिक बळी घेतले आहेत. तेथे काही महिने राहिलेल्या सैनिकांत हृदयाच्या उजव्या भागावर ताण पडून अंगावर सूज येणारा एक वेगळा विकार आढळला. त्याचे वर्णन १९९० मध्ये प्रसिद्ध झाले. सपाटीवर आणल्यावर हे सैनिक बरे झाले.

उपचार : खाली उतरविणे हा सर्वांत खात्रीचा उपचार होय. फुप्फुसशोफ व मस्तिष्कशोफ यांत तो तत्काळ करावा लागतो, मग रात्र असो की हिमवृष्टी. ३०० ते १,००० मी. उतरल्यावरही पुष्कळदा आश्चर्यकारक सुधारणा दिसते. ऑक्सिजन मिळेल तेथे तो देतात. उतरणे अशक्य असल्यास रुग्णाला हवाबंद पिशवीत ठेवून पायपंपाने आतील दाब वाढवितात. त्यामुळे रुग्ण काही काळ सु. १,५०० ते २,००० मी. खाली नेल्यासारखा होतो. मस्तिष्कशोफात डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड आणि फुप्फुसशोफात वाहिन्या सैल करणारे निफेडिपीन वापरतात. ही औषधे उतरण्याला पूरक आहेत, पर्यायी नव्हेत.

प्रतिबंध : ३,००० मी. च्या वर मुक्कामाची उंची एका दिवसात ५०० मी. हून अधिक वाढवू नये व दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर काढावा, असा नियम आहे. दिवसा अधिक उंच जाऊन रात्री खाली झोपावयास येणे हितकर असते. विमानाने लेहला उतरणाऱ्याने पहिले दोन दिवस शहरातच विश्रांती घ्यावी, दुसऱ्याच दिवशी मोटारीने खार्दुंग खिंडीसारख्या (सु. ५,३५९ मी.) ठिकाणी जाणे धोक्याचे असते. मद्य व झोपेच्या गोळ्या श्वसन मंदावतात म्हणून वर्ज्य होत. ॲसिटाझोलामाइड हे औषध वृक्कांकडून बायकार्बोनेट टाकण्याची क्रिया लवकर घडवून आणते, म्हणजे अनुकूलनाचाच वेग वाढविते. ते वैद्याच्या सल्ल्याने आदल्या दिवसापासून घेतात. प्रवासी मंडळींत कापूर हुंगण्याची प्रथा रूढ आहे. तिच्यामुळे विकार टळतो याला काही आधार नाही आणि कापरावर विसंबून उतरण्यास उशीर झाल्यास अपाय मात्र होतो.

फुप्फुसाचे व हृदयाचे जुने विकार, तीव्र पांडुरोग आणि गर्भावस्था यांत उंचीवर जाण्यापूर्वी तपासणी आवश्यक असते. दात्रकोशिका रोग (सिकल सेल) असलेल्यांनी विशेष सावध राहावे. ऑक्सिजन कमी झाला की त्यांच्या तांबड्या कोशिका विळ्यासारख्या वाकड्या होऊन वाहिन्यांत अडकतात. ज्यांच्यात या जनुकाची (जीनची) एकच प्रत असते व सपाटीवर ज्यांना काहीही त्रास नसतो, अशा व्यक्तींतही उंचीवर प्लीहेचा रक्तपुरवठा बंद पडल्याची उदाहरणे आहेत. विदर्भात व नंदुरबार भागात हे जनुक बऱ्याच लोकांत आढळते. तेथून हिमालयातील यात्रेला किंवा सैन्यात जाणाऱ्यांनी रक्ततपासणी करून घेणे इष्ट ठरते.

कायमचे रहिवासी : तिबेट, अँडीज व इथिओपियाचे पठार या प्रदेशांत माणसे हजारो वर्षे उंचीवर राहत आली आहेत, पण त्यांची शरीरे एकाच मार्गाने गेलेली नाहीत. अँडीजमधील लोकांत हीमोग्लोबिनाचे प्रमाण बरेच वाढलेले असते. तिबेटी लोकांत ते त्या मानाने कमी असून श्वसन अधिक असते. तिबेटी लोकांतील ‘ईपास१’ या जनुकाचे विशिष्ट रूप हीमोग्लोबिन फार वाढू देत नाही, असे २०१० मध्ये आढळले. ते रूप डेनिसोव्हन या लुप्त मानवगटाशी झालेल्या संकरातून आले असावे, असे २०१४ मध्ये दाखविण्यात आले.

तांबड्या कोशिका वाढणे हे सर्वस्वी हिताचे नाही, हे यावरून दिसते. त्या प्रमाणाबाहेर वाढल्यास रक्त घट्ट होते, डोके सतत दुखते, कानांत आवाज येतात, चेहरा जांभळट दिसतो व पुढे हृदय निकामी होते. वर्षानुवर्षे उंचीवर राहिलेल्यांत आढळणाऱ्या या चिरकारी पर्वतविकाराचे वर्णन पेरूचे कार्लोस मोंखे यांनी १९२५ ते १९२८ या काळात प्रथम केले म्हणून त्याला मोंखे रोग असेही म्हणतात. अँडीजमध्ये तो बराच आढळतो, तिबेटी लोकांत क्वचित. शिरेतून रक्त काढल्याने काही दिवस आराम पडतो. पूर्ण बरे होण्यास समुद्रसपाटीकडे राहावयास जावे लागते. पेरूतील ला रिन्कोनादा या सु. ५,१०० मी. उंचीवरील गावात, जे जगातील सर्वांत उंच कायम वस्तीचे ठिकाण मानतात, सोन्याच्या खाणींवर पोट भरणाऱ्या अनेकांना हा रोग आहे. खाली उतरणे म्हणजे काम सोडणे असल्याने त्यांतील बहुतेक रोग अंगावर काढीत तेथेच राहतात.